विहीर की झरा? मराठी बायबल अभ्यासासाठी फोन-लॅपटॉपवरची सॉफ्टवेअर

योहान 4 उघडा आणि शोधाच्या चौकटीत ‘विहीर’ टाइप करा. शोमरोनी स्त्रीचा अख्खा प्रसंग विहिरीच्या काठावर घडतो, तरी बरीचशी ॲप एखाद-दुसरं वचन दाखवून थांबतात. ‘विहिरीवर’, ‘विहिरीतून’, ‘विहिरीजवळ’ त्यांच्या हाती लागत नाही. विभक्ती लागली की ‘ही’चा ‘हि’ होतो, आणि कॉम्प्युटरच्या लेखी ते दोन निराळे शब्द ठरतात. इंग्रजी परीक्षणं वाचून सॉफ्टवेअर निवडलं तर ही गोष्ट कुणी सांगत नाही. तिथे मोजली जाते ती ग्रंथसंग्रहाची लांबी: इतकी भाष्यं, इतके शब्दकोश, इतके नकाशे. मराठीत शिकवणाऱ्या पाळकाला, संडे स्कूलच्या बाईंना किंवा घरगुती प्रार्थनासभेत वचन सांगणाऱ्या तरुणाला आधी पाहायच्या असतात दोनच गोष्टी. मराठी मजकूर नीट शोधता येतो का, आणि रेंज गेल्यावर काय काय चालू राहतं?

दुसरा प्रश्न मराठवाड्यात रोजचा आहे. जालना-लातूर शहरात फोरजी धावतं, पण वाडी-तांड्यावरच्या सभेत रेंज छपरावर चढून शोधावी लागते, आणि भारनियमनात टॉवरची बॅटरी उतरली की तीही नाही. म्हणून कुठलंही ॲप घेतलं की पहिल्याच दिवशी फोन विमान मोडवर टाकावा आणि पाच कामं करून पाहावीत: मराठी अध्याय उघडणं, त्याच्याशेजारी दुसरं भाषांतर लावणं, एक शब्द शोधणं, शब्दकोशाची नोंद उघडणं, आणि स्वतःचं टिपण लिहून ॲप बंद करून पुन्हा उघडणं. पाचही झाली तर ते अभ्यासाचं साधन. अध्याय उघडणं एवढंच जमलं तर ते वाचनाचं साधन, आणि दोन्हींची गरज वेगळी आहे.

सगळ्यांच्या फोनमध्ये असतं ते यूव्हर्जन. अमेरिकेतल्या लाइफ चर्चने 2008 मध्ये आणलेलं हे ॲप फुकट आहे, जाहिराती नाहीत. बायबल सोसायटी ऑफ इंडियाची आर. व्ही. आणि सोप्या भाषेतली सी. एल. अशी मराठी भाषांतरं त्यात आहेत, इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जनही आहे. वचनावर बोट ठेवलं की तुलना करायची सोय मिळते, ऐकायची सोय आहे, वाचनाच्या योजना आहेत. डोळ्यांनी अधू झालेल्या आजी-आजोबांना रोजचा अध्याय ऐकवायला याच्यापेक्षा सोपं काही नाही. पण मूळ भाषेचा दरवाजा यात नाही. ‘दया’ या शब्दामागे हिब्रूत काय आहे, ते इथे कळत नाही. टिपणं तुमच्या खात्याला बांधलेली राहतात. भाषांतर आधी डाउनलोड केलेलं नसेल तर रेंज जाताच पान कोरं होतं. भाषांतरांच्या यादीत ज्याच्यापुढे डाउनलोडची खूण दिसते तेच फोनमध्ये उतरतं. हे सभेला निघायच्या आधी बघावं, पोचल्यावर नाही.

अभ्यासासाठी ॲन्ड्रॉइड फोनवर अँडबायबल हे आमच्या मते पहिल्या पसंतीचं. स्वयंसेवकांनी बनवलेलं, मुक्त स्रोत, फुकट, जाहिरातमुक्त. क्रॉसवायर बायबल सोसायटीच्या स्वोर्ड या फुकट बायबल-ग्रंथांच्या प्रकल्पाची पुस्तकं ते वापरतं, ईबायबलच्या भांडारातूनही घेतं. दिसायला ते यूव्हर्जनइतकं गोड नाही. पहिल्या दिवशी तर पान रिकामं दिसतं आणि लोक तिथेच कंटाळून काढून टाकतात. रिकामं दिसतं कारण पुस्तकं आपणच उतरवायची असतात. चांगल्या वायफायवर बसून हे एकदाच करायचं आहे. डावीकडच्या मेनूत पुस्तकं डाउनलोड करण्याचा पर्याय आहे, तिथे भाषा मराठी निवडून इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन घ्या. मग भाषा इंग्रजी करून किंग जेम्स हे जुनं इंग्रजी भाषांतर घ्या, आणि ती स्ट्राँगचे आकडे असलेलीच प्रत आहे याची खात्री करा. मूळ ग्रीक-हिब्रूतल्या प्रत्येक शब्दाला स्ट्राँगच्या सूचीत एक ठरलेला आकडा आहे, तेच हे आकडे. शेवटी स्ट्राँगचे दोन शब्दकोश, ग्रीकचा वेगळा आणि हिब्रूचा वेगळा. हे शेवटचं पाऊल बहुतेक जण विसरतात. आकडा दिसतो, त्यावर बोट ठेवलं की काहीच उघडत नाही, आणि दोष ॲपला लागतो. सगळं मिळून एखाद्या छोट्या व्हिडिओपेक्षा जास्त जागा लागत नाही, कारण हा नुसता मजकूर आहे.

आता खालच्या बाजूच्या बटणाने दुसरी खिडकी उघडा. वर मराठी, खाली आकड्यांसकट किंग जेम्स. दोन्ही खिडक्या एकमेकींना बांधलेल्या असतात, वरची सरकवली की खालची त्याच वचनावर येते. मजकूर दाखवण्याच्या सेटिंगमध्ये स्ट्राँगचे आकडे चालू करावे लागतात. मूळ भाषेपर्यंत पोचायचा मराठी माणसाचा रस्ता सध्या हाच आहे. फोनवर उतरवता येणाऱ्या मराठी भाषांतरांना सहसा हे आकडे जोडलेले नसतात, म्हणून इंग्रजीचा जिना वापरावा लागतो. इंग्रजी अस्खलित येण्याची गरज नाही. कोणता शब्द कुठे बसतो एवढं ओळखता आलं की पुरे.

या जिन्याने काय मिळतं ते योहान 4 वरच पाहू. किंग जेम्समध्ये 6, 11, 12 आणि 14 या चारही वचनांत विहिरीसाठी एकच इंग्रजी शब्द आहे. आकडे मात्र एक नाहीत. सहाव्या आणि चौदाव्या वचनात 4077 दिसतो, तो ग्रीक ‘पेगे’, म्हणजे झरा, वाहतं पाणी. अकराव्या-बाराव्यात 5421, म्हणजे ‘फ्रेआर’, खणलेली विहीर, आड. लेखक सुरुवातीला त्या जागेला झरा म्हणतो. ती बाई बोलते तेव्हा ती खोल आडाबद्दल बोलते, आणि तुमच्याजवळ पोहरासुद्धा नाही म्हणते. येशू उत्तर देतो तेव्हा शब्द पुन्हा झऱ्याचा येतो. मराठवाड्यात हा फरक कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पन्नास फूट खणूनही झरा लागला नाही तर ती विहीर उन्हाळ्यात काय कामाची, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. 5421 वर बोट ठेवून तो आकडा कुठे कुठे आला ते शोधायला सांगितलं, तर नव्या करारात मोजकीच ठिकाणं निघतात: हा प्रसंग, लूक 14:5 मधला विहिरीत पडलेला बैल, आणि प्रकटीकरण 9 मधला अथांग कूप. बसल्या जागी पाच मिनिटांचं काम, आणि हाती आलेलं खरंखुरं निरीक्षण.

इथेच एक धोका आहे आणि तो सॉफ्टवेअरमुळे वाढतो. शब्दकोशात एका आकड्याखाली सात-आठ अर्थ ओळीने दिलेले असतात. ते सगळे अर्थ एकाच वचनात कोंबायचे नसतात. शब्द त्या वाक्यात ज्या अर्थाने आला तोच त्याचा अर्थ. स्तोत्र 136 मध्ये सव्वीस वेळा येणारा हिब्रू ‘हेसेद’, आकडा 2617, याच्यापुढे दया, कृपा, निष्ठा असं बरंच काही लिहिलेलं दिसेल. स्तोत्राचा विषय परमेश्वराने करार पाळला हा आहे, म्हणून तिथे निष्ठेचा पदर पुढे येतो. हे शब्दकोश सांगत नाही, अध्याय सांगतो. शिवाय स्ट्राँगची सूची 1890 ची आहे, थेयरचा ग्रीक कोश 1889 चा. मृत समुद्राजवळच्या जुन्या हस्तलिखितांच्या गुंडाळ्या 1947 पासून सापडायला लागल्या, म्हणजे त्यांचा उपयोग या कोशांना झालेला नाही. फुकट ॲपमध्ये हेच कोश आणि मॅथ्यू हेन्रीसारखी जुनी भाष्यं भरलेली असतात, कारण त्यांचा कॉपीराइट संपला आहे. ती टाकाऊ नाहीत, पण ‘मूळ ग्रीकमध्ये असं आहे’ म्हणून व्यासपीठावरून ठासून सांगण्याआधी त्यांचं वय लक्षात ठेवावं.

मराठी शोधाची दुखणी सगळ्या ॲपना सारखीच आहेत, म्हणून उपायही इथेच. पूर्ण शब्द शोधायचा पर्याय बंद ठेवा आणि शब्दाचं न बदलणारं मूळ तेवढं टाइप करा. ‘मेंढरू’ऐवजी ‘मेंढर’ लिहिलं की मेंढरे, मेंढरांना, मेंढराचा सगळं येतं. ‘पाणी’साठी दोन शोध लागतात, एक ‘पाणी’ आणि एक ‘पाण्या’. ‘विहीर’चंही तसंच, एकदा ‘विहीर’ आणि एकदा ‘विहिरी’. ‘देव’ शोधलात तर देवदूत आणि देवालयही गोळा होतील, त्याला इलाज नाही, यादी डोळ्यांनी चाळावी. भाषांतरांमधला शब्दभेदही ध्यानात घ्या. एकात ‘प्रीती’ असेल तिथे दुसऱ्यात ‘प्रेम’ असतं.

याहून छुपा प्रकार अर्ध्या र चा. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘वाऱ्याने’ असे शब्द युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतात. एकात ऱ, पाय मोडलेला, मग य. दुसऱ्यात साधा र, पाय मोडलेला, त्यानंतर न दिसणारी जोडखूण, मग य. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण शोधात एक दुसऱ्याला ओळखत नाही. ‘वाऱ्या’ शोधून शून्य उत्तरं आली तर शब्द बायबलात नाही असा निष्कर्ष काढू नका. त्या अध्यायातलाच शब्द बोटाने निवडून कॉपी करा आणि शोधाच्या चौकटीत चिकटवा. तरीही जमलं नाही तर ‘वाऱ्या’च्या जागी शेजारचा दुसरा शब्द शोधा. लॅपटॉपवर इनस्क्रिप्ट कीबोर्ड असेल तर शिफ्ट धरून जे दाबल्यावर ऱ येतो, नुसत्या जे ने र येतो. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या पीडीएफ तर शोधाच्या कामाच्याच नाहीत. त्यातून कॉपी केलेलं मराठी चिकटवल्यावर निरर्थक चिन्हं बनून येतं.

अँडबायबलमध्ये पहिल्यांदा शोध घेताना ते त्या पुस्तकाची शोधासाठीची सूची (इंडेक्स) बनवू का असं विचारतं. ती बनायला काही मिनिटं जातात. तेवढ्यात फोनच्या बॅटरी सेव्हरने ॲप बंद पाडलं किंवा आपणच ते बंद केलं, की सूची अर्धवट राहते आणि पुढे शोधात वचनं गळतात. चार्जरला लावून, स्क्रीन चालू ठेवून ती पुरी होऊ द्यावी. उत्पत्तीतली वचनं सापडतात आणि प्रकटीकरणातली नाहीत असं दिसलं, तर सूची पुसून नव्याने बनवा. विशेषनामांनी ही तपासणी पटकन होते. ‘बेथेल’ टाइप करा. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ ज्या नावाने गाव वसवलं तेच हे नाव, उत्पत्ती 28:19 मधलं. उत्पत्तीपासून आमोसपर्यंत उत्तरं आली की सूची धड आहे.

वचनांचे आकडे न जुळणं हा दोष नाही, पण गोंधळ फार उडतो. हिब्रू बायबलात स्तोत्रांचं शीर्षकही वचन म्हणून मोजतात. त्यामुळे स्तोत्र 51 मधलं शुद्ध हृदयाचं दहावं वचन हिब्रूत बारावं होतं. योएल 2:28 हिब्रूत 3:1 आहे, मलाखीचा चौथा अध्याय हिब्रूत तिसऱ्यातच सामावतो. अँडबायबल ही मोजणी बऱ्याच प्रमाणात आपोआप जुळवून घेतं. ज्या ॲपमध्ये तशी सोय नाही तिथे खालच्या खिडकीत भलतंच वचन दिसतं आणि वाटतं भाषांतर चुकलं. बिलोली-देगलूरकडच्या मंडळीत तेलुगू बोलणारे असतात, उदगीर-निलंग्याकडे कन्नड. तिथे खालच्या खिडकीत त्या भाषेचं इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन लावलं की दोन भाषांत एकत्र अभ्यास घेता येतो. ही भाषांतरं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत, म्हणून श्रेय राखून ती एका फोनमधून दुसऱ्यात देण्यात काही गैर नाही. बायबल सोसायटीच्या भाषांतरांचं तसं नाही. कुठल्याशा ग्रुपवर फिरणारी आर. व्ही. ची फाइल परवान्याशिवायची असते, आणि टायपिंगच्या चुकांनी भरलेली असण्याची शक्यता फार. कॅथलिक वाचकांनी उतरवण्याआधी पुस्तकांची यादी उघडावी. टोबीत, यूदीथ, मक्काबी नसतील तर ती 66 पुस्तकांची प्रत आहे, 73 ची नाही.

लॅपटॉपवर विंडोज असेल तर ई-सोर्ड आणि द वर्ड ही दोन फुकट सॉफ्टवेअर समोर येतात. रिक मायर्स यांचं ई-सोर्ड 2000 पासून आहे, मांडणी जुन्या वळणाची पण स्वच्छ. एका बाजूला वचन, दुसऱ्या बाजूला भाष्य, खाली शब्दकोश. जुन्या, 4 जीबी रॅमच्या मशीनवरही ते धावतं. मॅक आणि आयफोनसाठी मात्र पैसे मोजावे लागतात. मराठीपुरतं आम्ही द वर्डला झुकतं माप देऊ, कारण ते पेनड्राइव्हवर बसवता येतं. मंडळीच्या ऑफिसात एक मशीन, घरी दुसरं, सायबर कॅफेत तिसरं असेल तरी पुस्तकं आणि टिपणं खिशातल्या पेनड्राइव्हवरून उघडतात.

द वर्डचा दुसरा गुण आपलं स्वतःचं पुस्तक बनवता येण्याचा. त्याची बायबलची फाइल म्हणजे साधा मजकूर असतो, एका ओळीवर एक वचन. पूर्ण बायबलला 31,102 ओळी, नुसत्या नव्या कराराला 7,957. परवाना असलेला मराठी मजकूर हाती असेल तर तो नोटपॅडमध्ये याच क्रमाने मांडून यूटीएफ-8 या युनिकोडच्या प्रकारात जतन करायचा. फसतं ते ओळींच्या मोजणीत. सोप्या भाषेतल्या भाषांतरात दोन वचनं एकत्र केलेली असतात. मग 3-4 असं एकत्र आलेलं वचन तिसऱ्याच्या ओळीवर लिहून चौथ्याची ओळ रिकामी सोडावी लागते. ती सोडायची राहिली की तिथून पुढचं प्रत्येक वचन एकाने वर सरकतं आणि शेवटी प्रकटीकरण 22:21 गायब होतं. म्हणून फाइल बनली की आधी शेवटचं वचन उघडून पाहावं. ते जागेवर नसेल तर प्रत्येक पुस्तकाचं पहिलं वचन तपासत मागे या, सरकणं कुठे सुरू झालं ते सापडतं.

स्टेप बायबल हे केंब्रिजच्या टिंडेल हाउसचं. ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे, आणि डाउनलोड करून इंटरनेटशिवायही वापरता येतं. इंग्रजी शब्दावर टिचकी मारली की कडेला ग्रीक किंवा हिब्रू शब्द, त्याचा अर्थ आणि तो आणखी कुठे आला याचा आकडा उघडतो. शब्दांखाली शब्द लावून मूळ मजकूर दाखवण्यात हे वरच्या सगळ्यांपेक्षा सरस आहे. ग्रीक शिकणाऱ्या विद्यार्थ्याने इथूनच सुरुवात करावी. लहान पडद्यावर मात्र दाटी होते, लॅपटॉपवरच बरं.

राहिलं लोगोस. 1992 पासूनचं, अमेरिकेतलं, आणि ताकदीत सगळ्यांच्या पुढे. उतारा दिला की त्यावरची तुमच्या संग्रहातली भाष्यं, नकाशे, शब्दांचा अभ्यास एका पानावर मांडून देतं. फुकट आवृत्तीही आहे. पण ते इंग्रजी ग्रंथालय आहे, मराठी हा त्याचा प्रांत नाही. 2024 पासून त्यांचा भर महिन्या-वर्षाच्या वर्गणीवर आहे. ती भरायला कार्डवर परदेशी व्यवहार सुरू करावे लागू शकतात, आणि ती पुन्हा पुन्हा भरायची आहे हे घेतानाच धरून चालावं. पुस्तकं उतरवल्यावर ते सूची बनवायला बसतं तेव्हा मशीन तासन् तास गुंतून राहतं. 8 जीबी रॅम आणि एसएसडी नसेल तर वाटेला जाऊ नये. सेमिनरीत शिकवणाऱ्याला, इंग्रजी भाष्यं रोज वाचणाऱ्याला ते पैसे वसूल करून देतं. मंडळीच्या निधीतून घ्यायचं असेल तर आधी फुकट आवृत्तीवर तीन महिने काम करून पाहा. त्या काळात उघडलेली पुस्तकं हाताच्या बोटांवर मोजता येत असतील, तर तोच पैसा दोन चांगल्या छापील भाष्यांवर घालावा.

पैसे भरून घेतलेलं सॉफ्टवेअरही कायमचं नसतं. अभ्यासकांचं लाडकं बायबलवर्क्स 2018 मध्ये बंद झालं. बसवलेल्या प्रती चालत राहिल्या, पण नव्या दुरुस्त्या थांबल्या. म्हणून आपली टिपणं एकाच ॲपच्या पोटात अडकवून ठेवू नयेत. अँडबायबलमध्ये मेनूतून बॅकअप घेता येतो, खुणा आणि टिपणं एका फाइलमध्ये येतात. ती फाइल फोनमध्येच ठेवली तर फोन हरवल्यावर तीही गेली. फाइलच्या नावात तारीख घालून ती स्वतःलाच ईमेल करावी, महिन्यातून एकदा. नवा फोन आला की क्रम असा: आधी ॲप, मग तीच मराठी आणि इंग्रजी पुस्तकं, आणि सर्वात शेवटी बॅकअप. पुस्तकंच नसताना टिपण उघडलं तर शेजारी वचन दिसत नाही आणि लोकांना वाटतं सगळं पुसलं गेलं. पुसलेलं काही नसतं, पुस्तक उतरवलं की वचन परत दिसायला लागतं.